विहाराची वर्गणी आणि वास्तूची डागडुजी
(मुंबईच्या वस्त्यांतील जुन्या वास्तूंच्या पैशाचा इतिहास)



कोणत्याही विहाराची स्मरणिका उघडा. प्रास्ताविक, शुभसंदेश, अहवाल आणि मग देणगीदारांची यादी. बांधकामाला कोणी सिमेंट दिलं, कोणी लादी दिली, कोणी पंखे दिले, सगळं नावानिशी छापलेलं असतं. ही यादी वाचायचा कंटाळा करू नये, कारण आपल्या चळवळीचा खरा आर्थिक इतिहास तिच्यातच सापडतो. मात्र या याद्यांत एक गोष्ट क्वचितच दिसते. बांधकामाला देणारे शेकडो असतात. दहा वर्षांनी गच्ची गळायला लागली, सळई उघडी पडली, खिडकीची चौकट कुजली, की त्यासाठी देणाऱ्यांची नावं शोधावी लागतात. उभारणीला उत्साह असतो, दुरुस्तीला नसतो. मुंबईच्या परळ, दादर, नायगाव, वरळी या भागांतल्या जुन्या वास्तूंचं आज जे काही झालं आहे, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे असं आम्हाला वाटतं. म्हणून या वास्तूंसाठी पैसा आजवर कुठून आला आणि कुठे अडला, याचा थोडा मागोवा घेत आहोत.

सुरुवात अर्थातच लेण्यांपासून करायला हवी. मुंबईतली सर्वांत जुनी बौद्ध वास्तू म्हणजे बोरिवलीच्या डोंगरातलं कान्हेरी, शिलालेखांतलं कण्हगिरी, पुढे कृष्णगिरी. तिथे शंभरावर लेणी आहेत. डॉ. शोभना गोखले यांनी तिथल्या लेखांवर आयुष्य घालवलं आणि १९९१ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हे लेख म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, दगडावर कोरलेली देणगीदारांची यादीच. कल्याणचा सामिदत्त नावाचा सोनार पाण्याची पोढी देतो. कल्याणचाच एक लोहार वाट करून देतो. व्यापारी, भांडारी, भिक्खुणी, गृहिणी असे सगळे देतात. राजानेच सगळं केलं असं जे शाळेत शिकवतात ते या भिंती वाचल्यावर टिकत नाही. सोपारा, कल्याण, चौल या बाजारपेठांत राबणाऱ्यांच्या पैशातून हा डोंगर कोरला गेला.

पण आमचं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच गोष्टीने. या लोकांना नुसतं बांधून मोकळं व्हायचं नव्हतं. वास्तू पुढे चालणार कशी याचा हिशोब त्यांनी आधीच केला होता. त्याला ते अक्षयनिवी म्हणत. निवी म्हणजे मूळ रक्कम. ती अक्षय, म्हणजे हात न लावण्याची. खर्च करायचं ते फक्त व्याज.

याचा सर्वांत स्पष्ट दाखला नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याने दहाव्या क्रमांकाचं लेणं संघाला दिलं आणि त्यासोबत ३,००० कार्षापण दिले. ते भिक्खूंच्या हाती दिले नाहीत. गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. एका श्रेणीकडे २,००० दरमहा शेकडा एक दराने, दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मूळ रक्कम परत मागायची नाही, व्याज तेवढं घ्यायचं, असं स्पष्ट लिहिलं. आता गणित करून पाहा. २,००० वर महिन्याला २०, म्हणजे वर्षाला २४० कार्षापण. लेण्यात वर्षावास करणारे भिक्खू २०, आणि प्रत्येकाला चीवरासाठी १२. बरोबर २४०. एक पै इकडची तिकडे नाही. शिवाय हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला. आजच्या भाषेत सर्वसाधारण सभा, ठराव आणि रजिस्ट्रेशन, तिन्ही झालं.

आणि खास डागडुजीचं म्हणाल तर कान्हेरीतच त्याचा पुरावा आहे. नवव्या शतकात, शिलाहार पुल्लशक्तीच्या काळात, एका वृद्ध अमात्याने कृष्णगिरीच्या महाविहाराला द्रम्म दिले. त्या देणगीची वाटणी लेखात खातेनिहाय आहे. बुद्धपूजेला इतके, चीवरांना इतके, ग्रंथांना इतके आणि विहाराच्या दुरुस्तीला इतके. दुरुस्तीचं खातं वेगळं! पालि वाङ्मयात तर यासाठी शब्दच आहे, खंडफुल्ल-पटिसंखरण, म्हणजे जे मोडलं-फुटलं ते पुन्हा नीट करणं. बांधकामावर देखरेख करणाऱ्या भिक्खूला नवकम्मिक म्हणत. पावसाचे तीन महिने संघ एका जागी राहणार, म्हणजे छप्पर गळता कामा नये, इतका हा साधा विचार होता.

आता एकदम विसाव्या शतकात येऊ. मधला काळ मोठा आहे, पण आपल्या वस्त्यांची कथा इथून सुरू होते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीच्या भीतीने सरकारने १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्या ट्रस्टने बांधलेल्या त्या बी.आय.टी. चाळी. परळच्या पोयबावडीतल्या अशाच चाळीत, दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कुटुंबासह १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे राहिले. परदेशी शिक्षणाचा काळ सोडला तर मूकनायक, बहिष्कृत हितकारिणी सभा, महाड, गोलमेज परिषद हे सगळं त्या दोन खोल्यांच्या काळातलं. माता रमाईंचा संसारही तिथलाच. ट्रस्ट १९३३ साली पालिकेत विलीन झाला आणि चाळी पालिकेच्या झाल्या.

पहिल्या महायुद्धानंतर गिरण्या जोरात होत्या आणि कामगाराला राहायला जागा नव्हती. गव्हर्नर लॉइड यांनी १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट उभं केलं. या चाळींसाठी पैसा कुठून आणला, हे आजच्या तरुणांना ठाऊक नसतं. कर्ज तर काढलंच, पण मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला. म्हणजे ज्या कापसावर गिरणी चालायची त्याच कापसाने कामगाराच्या खोलीचा भार उचलायचा! योजना ५०,००० खोल्यांची होती. प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. प्रत्येक मजल्यावर २० खोल्या, तळमजला धरून चार मजले, म्हणजे चाळीत ८०. खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला भाडं परवडेना म्हणून कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या, आणि सविनय कायदेभंगाच्या वेळी वरळीच्या चाळींचा तुरुंगही झाला. पुढे मात्र याच चाळींत आपला समाज दाटीवाटीने वसला. जयंत्या, जलसे, शाखा, वाचनालयं, १९५६ च्या धर्मांतरानंतर चाळीचाळींतून झालेली बुद्धवंदना आणि १९७४ च्या जानेवारीतली वरळीची दंगल, सगळं या आवारांनी पाहिलं.

याच काळात मुंबईत आधुनिक विहारही उभे राहिले. डॉ. आनंदराव लक्ष्मण नायर यांनी १९२२ साली बुद्ध सोसायटी स्थापन केली आणि पुढे आपल्या रुग्णालयाच्या आवारात आनंद विहार बांधला. धर्मानंद कोसंबी यांनी १९३७ साली परळला कामगार वस्तीत बहुजन विहार काढला, त्यासाठी जुगलकिशोर बिर्ला यांचं अर्थसाहाय्य होतं. एक विहार डॉक्टरच्या मिळकतीतून, दुसरा उद्योगपतीच्या देणगीतून. दोघांचे उपकार आहेतच. पण एका दात्याच्या खिशावर उभी असलेली वास्तू त्या दात्याच्या मर्जीपलीकडे आणि आयुष्यापलीकडे कशी टिकणार, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. उषवदातानेही एकट्यानेच दिलं होतं, पण त्याने ठेव मागे ठेवली.

बाबासाहेबांचं स्वतःचं घर राजगृह. हिंदू कॉलनीत ते १९३०-३३ च्या दरम्यान बांधलं गेलं, ते मुख्यतः ग्रंथांना जागा हवी म्हणून. त्यांची दुसरी इमारत होती, चार मिनार. ती बाबासाहेबांनी १९४१ साली विकली. कशासाठी, तर पुस्तकं घ्यायला आणि कर्ज फेडायला. इमारत विकून पुस्तकं घेणारा माणूस इमारतीकडे कशा नजरेने पाहत असेल याचा विचार व्हावा. वास्तू त्यांच्यासाठी साधन होती. पण म्हणून त्यांनी सार्वजनिक वास्तूंची हेळसांड केली असं नाही. १९४४ साली त्यांनी पीपल्स इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट केला आणि दादरच्या गोकुळदास पास्ता लेनमधली आंबेडकर भवनाची जागा त्या ट्रस्टकडे आली. तिथेच बुद्धभूषण छापखाना चालला, 'प्रबुद्ध भारत' तिथला.

स्वातंत्र्य मिळालं आणि मुंबईच्या जुन्या इमारतींना एक विचित्र आजार जडला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. गरिबाला आसरा मिळाला, हे पहिल्यांदा मान्य करायला पाहिजे. त्या कायद्याशिवाय आपली निम्मी माणसं शहराबाहेर फेकली गेली असती. पण घरमालकाला महिन्याला खोलीमागे पाच-दहा रुपये येणार असतील तर तो कडीपाट बदलणार नाही, चुन्याचा गिलावा काढून पुन्हा करणार नाही. पागोळ्या भिंतीत मुरल्या, तुळया कुजल्या, बीडाचे खांब गंजले आणि दर पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. १९६८ साली बेडेकर समितीने अहवाल दिला. त्यातून १९६९ चा इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा आला आणि बेट-मुंबईतल्या १९,६४२ जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला. हाच आपल्या बोलण्यातला 'सेस'. इमारती ३ वर्गांत विभागल्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या अ, १९५० अखेरपर्यंतच्या ब, आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या क. मालक, भाडेकरू आणि सरकार, तिघांनी थोडा थोडा भार घ्यायचा अशी ती कल्पना. १९७६ च्या कायद्याने हे काम म्हाडाकडे गेलं.

कल्पना चांगलीच होती. आमच्या मते जुन्या वस्त्यांच्या दुरुस्तीसाठी भारतात झालेला हा सर्वांत मोठा प्रयोग. पण त्यात खोच आहे. दुरुस्तीच्या खर्चाला चौरस मीटरमागे मर्यादा. खर्च तिच्यावर गेला तर वरचे पैसे रहिवाशांनी घालावेत, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते. मग काय, लाकडी टेकू लावायचे, लोखंडी गर्डर घालायचे, सिमेंट थापायचं आणि पुढच्या पावसाची वाट पाहायची. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की आतला ओलावा आतच कोंडतो, हे कोणताही जुना गवंडी सांगेल. टेंडरात मात्र ते बसत नाही. १९९१ च्या विकास नियमावलीने ३३(७) खाली जादा चटईक्षेत्र दिलं आणि मग दुरुस्तीपेक्षा पाडण्यातच सगळ्यांचा फायदा दिसू लागला. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळून ३० हून अधिक माणसं मेली. जुनी वास्तू जपा असं म्हणताना हे मृत्यू विसरता येत नाहीत.

१९८६ साली कायद्यात एक दुरुस्ती झाली होती, ७० टक्के भाडेकरूंनी सहकारी संस्था केली तर महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन इमारत सरकारमार्फत त्यांच्याकडे यावी. मालक कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. निकाल यायला तीन दशकांहून अधिक काळ लागला. तोवर कित्येक इमारतीही राहिल्या नाहीत.

आणि यात आपला आणखी एक तिढा. बी.आय.टी. चाळी पालिकेच्या, बी.डी.डी. चाळी सरकारच्या. त्यांना सेस लागू नाही. त्यांची दुरुस्ती खात्याच्या अंदाजपत्रकातून, म्हणजे जे वर्ष जसं येईल तसं. बाबासाहेब ज्या चाळीत बावीस वर्षे राहिले तिला डागडुजीचा स्वतंत्र झरा कधीच नव्हता.

१९९५ साली मुंबईसाठी वारसा नियमावली आली. देशातली ही पहिलीच. सहाशेवर वास्तूंची यादी झाली, श्रेणी एक, दोन-अ, दोन-ब, तीन. पाडायला बंदी, बदल करायला समितीची परवानगी. पण पैसा? मालकाला बांधकामाचा हक्क सोडावा लागला तर विकासहक्क दुसरीकडे विकता येईल, एवढंच. यादीत नाव घातल्याने छप्पर शाकारलं जात नाही. फोर्टमध्ये याला वाट सापडली. १९९८ साली काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली, १९९९ पासून उत्सव भरू लागला, आणि त्यातून मिळालेला पैसा त्या परिसराच्या वास्तूंवर खर्च होऊ लागला. तिथल्या ज्यू बांधवांच्या निळ्या सिनेगॉगचं काम कंपनीच्या आणि परदेशी संस्थेच्या मदतीने होऊन २०१९ साली ते पुन्हा खुलं झालं. आम्हाला त्याचा आनंदच आहे. किती थोडी माणसं आहेत तो समाज, पण वास्तू जपली! फक्त असं आहे की काळा घोड्याला गॅलऱ्या आहेत, बँका आहेत, कंपन्या आहेत. नायगावला उत्सव नाहीत असं नाही, चौदा एप्रिलला या आणि पाहा. पण त्या उत्सवाचा पैसा मंडपात आणि डीजेत जातो, भिंतीत जात नाही.

राजगृहाला २०१३ साली वारसा वास्तूचा दर्जा मिळाला. ७ जुलै २०२० रोजी तिथे तोडफोड झाली, कुंड्या आणि काचा फुटल्या. दर्जा दगड अडवत नाही.

आंबेडकर भवनाचं काय झालं ते सर्वांना माहीत आहे, पण नोंद राहावी म्हणून लिहितो. २५ जून २०१६ च्या पहाटे, अंधारात, ते पाडण्यात आलं आणि त्यात बुद्धभूषण छापखानाही गेला. इमारत धोकादायक असल्याची पालिकेची नोटीस पुढे करण्यात आली. तिथे सतरा मजली नवं भवन होणार असं सांगण्यात आलं. १९ जुलैला पावसात हजारो लोक मोर्चाने आले. ट्रस्टी बरोबर की विरोध करणारे बरोबर, हा वाद आम्ही इथे उकरत नाही. आम्ही एवढंच विचारतो, ती इमारत धोकादायक होईपर्यंत तिच्या दुरुस्तीचं खातं कुठे होतं? १९४४ ते २०१६ या बहात्तर वर्षांत समाजाकडे पैसा नव्हता असं म्हणता येत नाही. चैत्यभूमीचंच उदाहरण घ्या. भय्यासाहेब आंबेडकरांनी महूपासून मुंबईपर्यंत भीमज्योत आणली, गावोगाव निधी जमला, आणि ५ डिसेंबर १९७१ रोजी स्तूपाचं उद्घाटन झालं. मजुरांच्या, शेतमजुरांच्या पैशातून! लोक देतात. मागितलं तर देतात. डागडुजीसाठी मागितलं जात नाही.

सरकारही असंच. लंडनला बाबासाहेब जिथे १९२१-२२ मध्ये राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली तीस लाखांहून अधिक पौंडांना घेतलं. चांगलं केलं. इंदू मिलच्या जागेवरच्या स्मारकाची पायाभरणी ११ ऑक्टोबर २०१५ रोजी झाली, त्याचा मंजूर खर्च हजार कोटींच्या वर आहे. तेही व्हावं. पण पोयबावडीच्या त्या दोन खोल्यांच्या जिन्याला, कठड्याला, छताला त्यातला हजारावा हिस्सा लागला असता का, हे एखाद्या इंजिनियरने मांडून दाखवावं.

बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास २०१७ साली सुरू झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० फुटांत. यावर कोणी नाक मुरडू नये. सार्वजनिक संडासापुढे रांग लावणाऱ्या बाईला वारशाचं प्रवचन देणं हा उद्धटपणा आहे. प्रश्न निराळा आहे. चाळींच्या आवारातले विहार, वाचनालयं, व्यायामशाळा, सभेचे ओटे हे रहिवासी गाळ्यांच्या हिशेबात येत नाहीत. त्यांची कागदपत्रं बहुधा नसतातच. ज्याचा सात-बारा नाही, प्रॉपर्टी कार्ड नाही, नोंदणी नाही, त्याला नव्या नकाशात जागा मागताना तोंड कुठल्या कागदाने उघडायचं?

पैशाच्या आजच्या वाटाही कागदाच्याच दारातून जातात. १९९३ पासून खासदार निधी आला, पण धार्मिक स्थळाला तो चालत नाही, म्हणून आपल्या वस्त्यांत 'समाजमंदिर' या नावाने बांधकामं झाली. आत बुद्धमूर्ती, बाहेर पाटी समाजमंदिराची. बांधून झालं की ते कोणाचं, पालिकेचं की मंडळाचं, याचा पत्ता नाही आणि म्हणून दुरुस्तीही कोणाची नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातला शेकडा दोन हिस्सा समाजकार्याला द्यावा लागतो आणि त्याच्या यादीत ऐतिहासिक वास्तूंचं पुनरुज्जीवन स्पष्ट शब्दांत आहे. पण कंपनी चेक कोणाच्या नावे काढणार? नोंदणीकृत ट्रस्ट, ऑडिट झालेले हिशेब, आयकराची प्रमाणपत्रं, जागेचा कागद हे सगळं हवं.

म्हणून आमच्या विहाराच्या सभेपुढे आम्ही ज्या गोष्टी ठेवल्या आहेत त्या इथेही नोंदवतो. पहिली, देणगीच्या पावतीपुस्तकात दुरुस्तीचा वेगळा रकाना असावा आणि ती रक्कम बँकेत मुदत ठेवीत जावी, मुद्दलाला हात लावायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागावा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याला हे मंजूर आहे, आणि उषवदातालाही होतं. दुसरी, पावसाआधी आणि पावसानंतर वास्तूची पाहणी करून नोंदवही ठेवायची. त्यासाठी दरवर्षी एक उपासक किंवा उपासिका नेमावी आणि त्या पदाला नवकम्मिक हेच नाव द्यावं, असं एका भगिनीने सुचवलं. ते सर्वांना आवडलं. तिसरी गोष्ट जरा तातडीची. नायगाव, वरळी, डिलाईल रोड, शिवडीच्या ज्या चाळी अजून उभ्या आहेत, त्यांतल्या विहारांची मापं, छायाचित्रं, कोनशिला आणि भिंतीवरल्या देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या यांची नोंद पाडकाम पोचण्याआधी व्हायला हवी. पाटी काढताना फुटते, फोटो फुटत नाही. आपल्या शाखेत, चाळीत, नात्यागोत्यात जुन्या वर्गणीच्या वह्या किंवा पावत्या कोणाकडे असतील तर त्या विहारात आणून दाखवाव्यात, नक्कल करून मूळ प्रत त्याच दिवशी परत केली जाईल.